मालवणचं 'खलनायक' वर्कशॉप: पहिली सकाळ सोडली तर पैसे वसूल

मालवणजवळ एका होमस्टेमध्ये झालेलं कथालेखनाचं वीकेंड वर्कशॉप, विषय एकच, लक्षात राहणारा व्हिलन. माझ्याकडून 5 पैकी साडेतीन स्टार, आणि त्यातला दीड दशावताराचा, म्हणजे कोकणातल्या जत्रेत होणाऱ्या लोकनाटकाचा.

पहिली सकाळ फुकट. स्लाइडवर स्लाइड, सगळी उदाहरणं परदेशी पिक्चरची, त्यात लाइट गेली. जेवण मात्र एक नंबर, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं नि सोलकढी, पण त्यावर सुरू झाले तर हा रिव्ह्यू खानावळीचा होईल.

दुपारी शिकवणाऱ्या सरांनी आम्ही लिहून आणलेल्या गोष्टी वाचायला लावल्या तर निम्म्या जणांचा व्हिलन खोतच, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जुना वतनदार! मिशा, बंदूक, गरिबाची जमीन. अहो, आंबेडकरांनी खोतीविरुद्ध बिल आणलं 1937 ला, खोती रद्द करणारा कायदा 1949 चा, आणि आपल्या कथांत खोत अजून झोपाळ्यावर सुपारी कातरतोय. सर म्हणाले, सातबाऱ्यावर तुमच्या शेजारी ज्याचं नाव आहे तो माणूस आणा. मग एकीने भावाची हापूसची कलमं गिळणारा काका आणला, पण तोही नुसताच हावरट. तिला गोष्ट बाजूला ठेवून काकाच्या तोंडून भावाला पत्र लिहायला लावलं. "दादा, तू मुंबईत पगार मोजत होतास तेव्हा मोहोरावर फवारणी कोणी केली? माकडं कोणी हाकलली? आता पेटीला भाव आला तर हिस्सा आठवला होय?" झालं, आमच्यातले दोघं तिथेच काकाच्या बाजूने भांडायला लागले! सरांना हेच हवं होतं. वाचकाला काकाचं पटायला लागलं की मगच त्याच्या हातून वाईट काम करून घ्यायचं, आधी नाही. तिने लिहिलं की काका आंधळ्या आईचा अंगठा कोऱ्या कागदावर उठवून घेतो, आणि मग शाई राहू नये म्हणून तिचं बोट खोबरेल तेलाने हळूच पुसून देतो. ते तेल कुणी सुचवलेलं नव्हतं, तिचंच, आणि मला अजून त्या काकाचा राग येतोय.

रात्री जत्रेत दशावतार. आधी रंगपटात नेलं, तिथे दुर्योधन पेटाऱ्यावर बसून, हातात आरसा धरून स्वतःच रंग लावत होता. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद ज्याने त्याने उभ्याउभ्या रचायचे. त्यांना विचारलं, इतका दरारा येतो कसा? म्हणाले, "मी राजा म्हणान उभो रवतंय, राकेस (राक्षस) कोण ता लोकांनी ठरवूचा." स्टेजवर सिंहासन म्हणजे एक साधं बाकडं, पण हा माणूस त्यावर बसून पांडवांना सुईच्या टोकाएवढीही जमीन देणार नाही म्हणाला ते ओरडून नाही, कंटाळल्यासारखं! आम्ही सगळे आपापल्या व्हिलनला गडगडाटी हसवत बसलेलो.

तक्रारी दोन. एक, बॅच फार मोठी, सगळ्यांचं वाचून होत नाही. दुसरी, कथेवर लेखी फीडबॅक देणार म्हणाले होते तो अजून आलेला नाही, मेसेजला निळी टिक दिसते फक्त.

नवखे असाल तर जा, चारपाच कथा छापून आल्या असतील तर दुपारचं सेशनच कामाचं. आणि पैसे भरण्याआधी दशावतार आहे का ते विचारून घ्या, पावसाळ्यात कंपन्या बंद असतात आणि मग नुसत्या स्लाइडच बघाव्या लागतील.