ओट्स बारसाठी रावेर-यावलची सुकेळी: घ्यावीत का?

मुलांच्या नाश्त्याच्या बारमध्ये साखर घालायची नसेल, तर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात सुटी मिळणारी सुकेळी, म्हणजे वाळवलेली पिकी केळी, खजुराला सरस ठरतात. गोडी पुरते आणि बेक झाल्यावरही केळ्याचा वास टिकतो.

घेताना रंग बघा. तपकिरी, किंचित चिकट, वाकवली तरी न तुटणारी चांगली. फारच फिकट असतील तर गंधकाची प्रक्रिया केली आहे का, ते विचारा. कडक निघाली तर कोमट पाण्यात 10 मिनिटं भिजवून कोरडी पुसा, नाहीतर बारमध्ये दाताला चिवट लागतात.

8 इंची चौकोनी टिनसाठी रोल्ड ओट्स 200 ग्रॅम, बारीक चिरलेली सुकेळी 120 ग्रॅम, 2 मध्यम पिकलेली केळी कुस्करून, दाण्याचा कूट 60 ग्रॅम, तीळ 2 चमचे, पातळ तूप 3 मोठे चमचे, चिमूटभर मीठ. इन्स्टंट ओट्स नकोत, त्यांचा लगदा होतो. मिश्रण वाटीच्या बुडाने घट्ट दाबा; बहुतेकांचे बार इथंच फसतात. 170 अंशांवर 25 ते 30 मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. केळी मोठी असतील तर मधला भाग ओला राहतो, तेव्हा मूठभर ओट्स वाढवा. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, भुगा होईल.

खटकतं ते एवढंच की सुट्या मालावर तारीख नसते. पावसाळ्यात तर थोडीच घ्या, बुरशी लवकर धरते. तयार बार फ्रिजमध्येच ठेवा; खान्देशातल्या मे महिन्यात ओट्याजवळचा डबा भरवशाचा नाही.