मारियाडीबी 10.4 : हंगामभराच्या वापरानंतरचा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारातील आमच्या अडत दुकानाचा सगळा हिशेब, म्हणजे काटापावत्या, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, हमाली-तोलाई आणि व्यापाऱ्यांची उधारी, गेला हंगामभर मारियाडीबी 10.4 या डेटाबेस प्रणालीवर चालला. तिची प्राथमिक माहिती वाचकांना असेलच, म्हणून ती इथे देत नाही. मे महिन्यात ऐन तोलाईच्या वेळी वीज गेली, यूपीएसनेही साथ सोडली आणि सर्व्हर चालू व्यवहारातच बंद पडला, त्यातून जे उघडकीला आले त्याविषयी लिहीत आहे.

सर्व्हर पुन्हा सुरू होताच इनोडीबीने, म्हणजे डेटाबेसच्या साठवण यंत्रणेने, रीडू लॉग (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंदवही) वाचून स्वतःची दुरुस्ती स्वतःच केली. आम्ही छापील पावतीबुकाशी एकेक नोंद ताडून पाहिली आणि एकही पावती गहाळ झालेली नव्हती. परवान्यासाठी एक रुपयाही न मोजता मिळालेल्या डेटाबेसने नागपूरच्या उन्हाळ्यात इतके सांभाळावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

मात्र त्याच वेळी एरर लॉग (चुकांची नोंदवही) चाळताना आवृत्ती दिसली ती 10.4.8. बसवून देणाऱ्या माणसाने पेन ड्राइव्हवर पडून असलेली जुनी प्रत लावली होती. 10.4.7 ते 10.4.11 या आवृत्त्यांत सीव्हीई-2020-7221 या नोंद क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी आहे आणि तिची दुरुस्ती 10.4.12 मध्ये झाली. डेटाबेसची प्राथमिक मांडणी करणारी, मायएसक्यूएल-इन्स्टॉल-डीबी नावाची स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे यंत्रावरील सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालते. ती पॅम पडताळणीच्या (लिनक्सच्या लॉगिन-पडताळणीच्या) मदतनीस प्रोग्रामचा फोल्डर मायएसक्यूएल खात्याच्या (ज्या खात्याखाली डेटाबेस चालतो त्याच्या) मालकीचा करते आणि त्यानंतर त्याच फोल्डरातील फाइलची मालकी रूटकडे देऊन तिला 04755 परवाने लावते, म्हणजे ती कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालते (यालाच सेटयूआयडी म्हणतात). फोल्डर ज्याच्या मालकीचा, त्याला आतील फाइल काढून तिच्या जागी त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारी खूण) ठेवता येते. मग रूटने लावलेले परवाने ती लिंक जिथे नेईल त्या फाइलवर जाऊन बसतात. ती फाइल हल्लेखोराने स्वतः लिहिलेला प्रोग्राम असेल, तर मायएसक्यूएलसारख्या मर्यादित खात्यातून थेट रूट होता येते.

आमच्या सर्व्हरवर तो फोल्डर उघडून पाहिला. परवान्यांच्या ओळीत मालकाच्या 'एक्स'च्या जागी 'एस' होता, फाइलची मालकी रूटची होती आणि फोल्डरची मायएसक्यूएलची. पॅम आम्ही कधीच वापरलेले नाही, तरीही तो सेटयूआयडी प्रोग्राम पहिल्या दिवसापासून तिथे बसलेला होता. या पुनरावलोकनात वेग, मेमरी, बॅकअप यांपेक्षा या एका फाइलला मी जास्त जागा देत आहे, कारण शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक त्याच यंत्रावर आहेत.

पुरवठादाराला फोन केला तेव्हा त्याचे उत्तर ठरलेले होते. ही त्रुटी लोकल आहे, बाहेरून कोणी येऊ शकत नाही, आणि नवी आवृत्ती हवीच असेल तर आधी वार्षिक करार करा. हे मला अजिबात पटले नाही. मोठ्या कंपनीत डेटाबेसचे यंत्र वेगळे असते. आमच्यासारख्या दुकानात हिशेबाचा डेटाबेस, बिलिंग आणि रोजचे भाव दाखवणारे इंटरनेटवरील पान हे सगळे एकाच यंत्रावर नांदते. त्या भावाच्या पानाचे डेटाबेस खाते पाहिले, तर त्याला सर्व अधिकार दिलेले निघाले, फाइल लिहिण्याचासुद्धा. प्लगइनचा (डेटाबेसला जोडायच्या पूरक प्रोग्रामांचा) फोल्डरही मायएसक्यूएल खात्याला लिहिण्यासाठी मोकळा होता. म्हणजे पानात एसक्यूएल इंजेक्शनची (पानातून डेटाबेसला परक्या आज्ञा घुसवण्याची) एक जागा सापडली, की प्लगइन फोल्डरात स्वतःचे फंक्शन टाकून मायएसक्यूएल खात्यापर्यंत पोचता येते, आणि पुढची पायरी म्हणजे हीच त्रुटी.

सुरुवातीला माझे मत फार कडक झाले होते आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसकडे वळायचे जवळजवळ ठरले होते. पुढे स्क्रिप्ट शांतपणे वाचली तेव्हा लक्षात आले की धोका मुख्यतः ती रूट म्हणून चालते त्या वेळी उद्भवतो. चालू डेटाबेस सिस्टमडीखाली (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेखाली) मायएसक्यूएल खात्यानेच चालत असतो. यामुळे मारियाडीबीवरचा राग निवळला, पण पुरवठादारावरचा वाढला. कारण त्याने दिलेल्या 'रिपेअर' स्क्रिप्टमध्ये, काही अडले की हीच मांडणी रूटने पुन्हा चालवण्याची ओळ होती. मायएसक्यूएल-मारियाडीबीच्या याच घराण्यात 2016 साली सुरक्षा-संशोधक डाविड गोलुन्स्की यांनी दाखवलेली सीव्हीई-2016-6664 ही त्रुटीसुद्धा अशीच होती : मायएसक्यूएल खात्याच्या ताब्यातील एरर लॉगवर डेटाबेस सुरू करणारी, रूटने चालणारी मायएसक्यूएलडी-सेफ स्क्रिप्ट विश्वास ठेवत असे. तोच धडा दुसऱ्या ठिकाणी पुन्हा गिरवावा लागला, हे मात्र मारियाडीबीच्या खात्यावर मांडावेच लागेल.

करार केला नाही. 10.4 ला नव्या दुरुस्त्या मिळणे जून 2024 मध्येच संपलेले असल्याने नुसते 10.4.12 वर जाण्यातही अर्थ नव्हता. बाजाराला सुट्टी होती त्या दिवशी पूर्ण डंप (सगळ्या नोंदींची प्रत) घेतला, तो दुसऱ्या यंत्रावर चढवून उधारीची बेरीज जुळवली आणि मगच 10.11 वर गेलो. जुन्या अहवालांपैकी एकही अडला नाही. भावाच्या पानाला आता केवळ एका तक्त्यातून वाचण्याचा अधिकार आहे, प्लगइन फोल्डर रूटच्या मालकीचा केला आहे, मदतनीस प्रोग्रामचा सेटयूआयडी काढला आहे आणि ती रिपेअर स्क्रिप्ट पुसून टाकली आहे. पॅकेज अद्ययावत करताना सेटयूआयडी पुन्हा लागू शकतो, त्यामुळे प्रत्येक अपग्रेडनंतर ती ओळ डोळ्यांखालून घालतो.

डेटाबेस म्हणून मी मारियाडीबीची शिफारस करतो. बाजारात इतरही काही दुकानांत असेच सर्व्हर पेन ड्राइव्हवरून बसवलेले आहेत. त्यांनी आवृत्तीचा क्रमांक आजच पाहावा, आणि तो 10.4.7 ते 10.4.11 यांतला निघाला तर पुरवठादाराची रिपेअर स्क्रिप्ट रूटने मुळीच चालवू नये.