तलफ भागत नाही म्हणून मोठा मॉड? पॉड, मॉड आणि मेडिकलवरचं निकोटीन

पॉड म्हणजे छोटी ई-सिगारेट, आणि बॉक्स मॉड म्हणजे तिचंच मोठं, जास्त ताकदीचं भावंड. छोटा पॉड ओढून निकोटीनची तलफ भागेनाशी झाली, की नजर बॉक्स मॉडकडे वळते. पण जळगाव-धुळे-नंदुरबारात बसून हा हिशेब मांडायचा तर कायदा आधी येतो. २०१९च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं आणि तिची जाहिरात करणं देशभर बंद केलं. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुबईहून येणाऱ्या पाहुण्याला 'येताना एक आण' म्हणणं हीसुद्धा आयातच. त्यामुळे टपरीच्या मागच्या खणातून निघणाऱ्या वस्तूला ना बिल, ना वॉरंटी, आणि बाटलीवरचा निकोटीनचा आकडा खरा की खोटा हे सांगणारं कोणी नाही. म्हणून पॉड आणि मॉडच्या शेजारी इथं मेडिकलवर मिळणारा निकोटीन गम आणि अंगावर चिकटवायचा पॅचही ठेवला आहे.

पॉड की मॉड

पॉडची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, साधारण १ ओहमच्या आसपास, ताकद १०–१५ वॅट, टाकी २ मिली. वाफ थोडी, त्यामुळे लिक्विड कडक लागतं: निकोटीन सॉल्ट (घशाला कमी झोंबणारं निकोटीन), मिलीला २० ते ५० मिलिग्रॅम. मॉडचं उलटं. कॉइल ०.१५ ते ०.५ ओहम, ताकद ४०–८० वॅट, वाफेचे लोट, आणि लिक्विड ३ ते ६ मिलिग्रॅमचं, घट्ट, ग्लिसरीन जास्त असलेलं.

आता गणित करा. पॉडमध्ये दिवसाला २ मिली, मिलीला ५० मिलिग्रॅम, म्हणजे लिक्विडमधलं निकोटीन १०० मिलिग्रॅम. मॉडमध्ये दिवसाला १२ मिली, मिलीला ६, म्हणजे ७२. यंत्र तिप्पट मोठं, लिक्विड सहापट, आणि निकोटीन उलट कमी! तलफेसाठी मॉड घेणाऱ्याची इथंच फसगत होते. मग पॉडचं उरलेलं ५०चं लिक्विड कोणीतरी मॉडमध्ये ओततं. दोन-चार झुरक्यांत मळमळ, गरगर, धडधड, कधी उलटी. हे निकोटीन अंगावर आल्याचं लक्षण, 'स्ट्राँग माल' असल्याचं नव्हे.

जळका ठसका लागतो तो वेगळा. नव्या कॉइलमधला कापूस भिजायच्या आत बटण दाबलं की कापूस जळतो. कापसावर चार-पाच थेंब टाकून, टाकी भरून दहा मिनिटं थांबावं लागतं. गोड लिक्विडनं कॉइल काळी पडते आणि आठ-पंधरा दिवसांत बदलावी लागते. इथं प्रत्येक कॉइल म्हणजे पुन्हा त्याच चोरवाटेनं खरेदी.

बॅटरी

खरा धोका इथं आहे. मोठ्या मॉडमध्ये १८६५० जातीचे सुटे सेल बसतात. ८० वॅट मागितले आणि सेल ३.२ व्होल्टवर उतरलेला असला, तर एका सेलमधून २५ अँपिअर खेचले जातात. सेल २० अँपिअरचा असेल तर तो तापणारच. सर्किट नसलेल्या मेकॅनिकल मॉडमध्ये तर ४.२ व्होल्टला ०.१५ ओहमनं भागा: २८ अँपिअर, आणि मध्ये थांबवणारं काहीच नाही. बाजारात जुन्या सेलवर नवं वेष्टण चढवून '९९०० एमएएच' छापलेले सेल फिरतात. या आकाराच्या सेलची खरी क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास संपते, म्हणजे तो आकडाच खोटेपणाची खूण.

सेलचं वेष्टण हातात घेऊन पाहा. सेलचं अख्खं धातूचं अंग ऋण टोकच असतं. वरच्या धन टोकापासून ते एका बारीक कड्याएवढ्या अंतरावर. तिथं वेष्टण फाटलं आणि खिशात किल्ली असली की शॉर्ट सर्किट पँटच्या खिशातच होतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. भुसावळात पारा ४५ ओलांडतो, तेव्हा दुचाकीची डिक्की किंवा पत्र्याच्या शेडमधलं टेबल ही लिथियम सेल ठेवायची जागा नव्हेच.

गम आणि पॅच

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: वैद्यकीय संशोधन एकत्र करून पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यांत निकोटीन असलेल्या ई-सिगारेटनं सिगारेट सुटण्याचं प्रमाण गम-पॅचपेक्षा जास्त दिसलं आहे. पण ब्रिटनसारख्या देशात लिक्विडला मिलीला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, टाकीला २ मिलीची. आपल्याकडे तसली कोणतीच तपासणी नाही. गमच्या पाकिटावर मात्र २ लिहिलं तर २च असतं.

गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा येतो. ४ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४चा विचार होतो. गम फसतो तो चघळण्याच्या पद्धतीमुळे. च्युइंगगमसारखा भराभर चावला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि तलफ तिथंच राहते. हळू चावा, तिखट चुणचुण आली की तंबाखूची चिमूट दाबतात तसा गालात दाबून ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. अर्धा तास असा. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, लिंबू सरबत, ताक नको. आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही.

पॅच दिवसाला १०हून जास्त सिगारेटी ओढणाऱ्यासाठी साधारण २१ मिलिग्रॅमपासून: सहा आठवडे, मग १४चा दोन आठवडे, मग ७चा दोन. घामानं तो सुटतो, म्हणून अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, तेल न लावता, दंडावर तळव्यानं दहा सेकंद दाबा. रोज जागा बदला. झोप उडत असेल तर रात्री काढा. दिवसभर पॅच आणि अचानक तलफेला गम, ही जोडी एकट्या कशाहीपेक्षा चांगली चालते. हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टर. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन फुकट आहे.

आमचा कौल: तलफ हीच तक्रार असेल तर मॉड घेऊ नका, मेडिकलवर जा. वाफेच्या लोटांची हौस असेल तर ती निव्वळ हौस आहे, आणि या कायद्यात, या सेलवर ती महाग पडते. पॉड सोडलात तर तो घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून. उरलेलं लिक्विड मात्र तोवर लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात असू द्या.