एक्झॉस्ट हीट एक्स्चेंजर: चौदा महिन्यांनंतर

डेअरीतल्या 200 किलोवॉटच्या बायोगॅस जनसेटला (गॅसच्या इंजिनावर चालणारा वीज जनरेटर) एक्झॉस्ट हीट एक्स्चेंजर बसवून चौदा महिने झाले. यात इंजिनाचा धूर नळ्यांतून जातो आणि नळ्यांबाहेरचं पाणी तापवतो. आधी चांगलं सांगतो. इंजिनातून साडेचारशे अंशांनी निघणारा धूर 180 वर उतरतो आणि ती उष्णता धुण्याच्या गरम पाण्याला मिळते. दहा तास इंजिन चाललं की बॉयलरचा पांढरा कोळसा (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या) दिवसाला जवळजवळ तीनशे किलो वाचतो.

पण साफसफाईचं दार नाही! सहाव्या महिन्यात धूर 230 वर बाहेर पडू लागला, बॅकप्रेशर, म्हणजे धुराला मागे रेटणारा दाब, चढलं, म्हणजे नळ्यांत काजळी. ब्रश मारायचा तर इन्सुलेशन फाडा, बेलोज (धुराच्या पाइपातला लवचीक जोड) सोडा, बत्तीस बोल्ट काढा, झाकण चेन ब्लॉकला (साखळीच्या कप्पीला) लटकवून उतरवा. पाच बोल्ट जाम झालेले, ते कापावे लागले. दोन दिवस इंजिन बंद, गॅस नुसता जाळून टाकला. बिजागरीचं दार असतं तर फिटरने दोन तासांत उरकलं असतं. बनवणाऱ्याचं उत्तर, "ड्रॉइंगवर तुमची सही आहे." घेणार असाल तर सही करण्याआधी ड्रॉइंगवर दार शोधा.

अकराव्या महिन्यात इंजिन बंद असतानाही एक्स्चेंजरच्या धुराच्या बाजूच्या ड्रेनमधून (साचलेलं पाणी काढायच्या तोटीतून) पाणी ठिबकू लागलं. नळी गळत होती. हेच पाणी उलटं इंजिनात शिरलं असतं तर इंजिनच गेलं असतं. हलका माल लावला म्हणून मी फोनवर कडाडून भांडलो. मग झाकण उतरवून बॅटरी मारली. पाणी शिरतं आणि धूर बाहेर पडतो त्याच टोकाला, खालच्या ओळीतल्या चार नळ्या टाचणीने टोचल्यासारख्या. बाकीच्या ठणठणीत.

तिथे माझं मत बदललं. रोज सकाळी टाकीतलं पंचवीस अंशांचं पाणी आम्ही थेट सोडत होतो. धूर कितीही गरम असो, नळीची भिंत पाण्याच्या तापमानाजवळच राहते. ती पन्नासच्या खाली गेली की धुरातली वाफ तिथे दवासारखी धरते आणि बायोगॅसमधल्या गंधकाचं त्यात आम्ल होतं. चूक आमच्या पायपिंगची होती. मालाबद्दलची तक्रार मी मागे घेतली, दाराबद्दलची नाही.

आता पाणी आधी इंजिनच्या जॅकेटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या उष्णतेवर, तापतं. थ्री-वे व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह) 70 अंशांखालचं पाणी आत सोडत नाही, तोवर धूर बायपासने, म्हणजे एक्स्चेंजर टाळून बाजूच्या पाइपाने, जातो. तीन महिने ड्रेन कोरडा आहे.

नळ्या बदलताना पदरचे पैसे घालून दोन्ही टोकांना दारं करून घेतली. गेल्या रविवारी ब्रश मारला. दीड तास लागला, धूर पुन्हा 182 वर.