चाचणीच्या नावाखाली बाबांना विकलेल्या कॅप्सूल

बाबा चीनमध्ये ग्वांगझूला आमच्याकडे आले तेव्हा जेमतेम दोनशे पावलं चालले की डाव्या पोटरीत गोळा यायचा आणि थांबले की ओसरायचा. अठरा वर्षांचा मधुमेह, पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या. पुण्यात अँजिओप्लास्टी सुचवली होती, पण "पायाला काही करायला नको गं" असं त्यांचं चाललं होतं.

ओळखीतल्या एकांनी एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, नव्या वनौषधीची चाचणी सुरू आहे, एकच जागा उरलीय. तीन महिन्यांचे ६,८०० युआन. डबीवर डानशेन, डांगग्वी ही नावं होती. चीनमध्ये रक्ताभिसरणासाठी ती खरंच वापरतात, म्हणून मी निर्धास्त झाले.

तिथेच चुकले. चाचणीतलं औषध सहसा रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही. आधी संमतीपत्र समजावून सांगतात, नैतिकता समितीची मंजुरी असते, चिनी चाचणी नोंदवहीतला क्रमांक असतो. धमन्यांसाठीच औषध असेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली गेलं की आजार धरतात, आणि औषधानंतर पुन्हा मोजतात. बाबांच्या पायाला तर तिथे कुणी हातही लावला नव्हता.

आठवड्याभरात उपाशीपोटीची साखर १८० वरून ९५ वर आली. आईला आनंदाने फोन केला. बाराव्या रात्री तीन वाजता बाबा घामाने निथळत होते, जीभ जड झालेली, मला ओळखेनात. ग्लुकोमीटरवर ४१. गिळता येत नव्हतं म्हणून तोंडात काही घातलं नाही, १२० ला फोन करून रुग्णवाहिका बोलावली. दोन दिवस ग्लुकोजची सलाईन चालू होती.

रक्तात ग्लिबेनक्लामाइड सापडलं. साखर उतरवणारी ही ॲलोपॅथिक गोळी बाबांना कुणी दिलेलीच नव्हती. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. २००९ मध्ये चीनच्याच शिनजियांगमध्ये मधुमेहाच्या बनावट वनौषधी कॅप्सूलमध्ये हेच औषध मिसळलेलं निघालं होतं आणि माणसं दगावली होती.

पावती नंतर नीट वाचून घेतली, तर त्यावर 'औषध' हा शब्दच नव्हता, 'आरोग्य-आहार' लिहिलं होतं. उरलेल्या कॅप्सूल जपून ठेवल्या आणि १२३१५ या ग्राहक क्रमांकावर तक्रार केली. पैसे परत आलेले नाहीत.

पुण्याला परतल्यावर डाव्या पायाचं गुणोत्तर ०.५८ भरलं आणि अंगठ्याजवळ न भरणारी एक जखम दिसली. पुढच्या मंगळवारी अँजिओप्लास्टी आहे.