कार्टोपाय: भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला उत्तम, फक्त सीमारेषा बदलून घ्या

कॉलेजात भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला मी हवामान नकाशे शिकवते. समदाब रेषा स्वतः काढल्याशिवाय मुलांच्या डोक्यात बसत नाहीत, हे माझं ठाम मत. त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली, नकाशे काढणारी कार्टोपाय ही मोफत लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरते. ती ब्रिटनच्या हवामान खात्यात तयार झाली आणि बेसमॅप या जुन्या लायब्ररीची जागा आता तिनेच घेतली आहे.

यंदा निसर्ग वादळ घेतलं. ३ जून २०२०, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सकाळचे ६, म्हणजे आपले साडेअकरा. वादळ अलिबागच्या तोंडाशी. ईआरए-५ चा, म्हणजे युरोपीय हवामान केंद्राच्या मागच्या हवामानाच्या नोंदसंचाचा, डेटा फुकट मिळतो. त्यात दाब पास्कलमध्ये असतो, १०० ने भागला की हेक्टापास्कल. वारा मीटर प्रति सेकंद, १.९४ ने गुणला की नॉट. दर दोन हेक्टापास्कलला एक रेषा, वर वाऱ्याचे बाण: अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण १०, त्रिकोण ५०. बाणांची गर्दी झाली तर 'रीग्रिड शेप' हा पर्याय दिला की ते सारख्या अंतरावर येतात. किनाऱ्यालगत रेषा दाटल्या, बाण घड्याळाच्या उलट फिरले, आणि अख्खा वर्ग स्क्रीनजवळ आला!

मुलं अडकतात ती 'ट्रान्सफॉर्म'पाशी, म्हणजे डेटा कोणत्या निर्देशांकांत आहे हे सांगायच्या सूचनेपाशी. डेटा अक्षांश-रेखांशात आहे हे 'प्लेट कॅरे' लिहून सांगावंच लागतं. लॅम्बर्ट प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची एक पद्धत, तिचे आकडे मीटरमध्ये) ते राहिलं तर अंशांचे आकडे मीटर समजले जातात. किनारा दिसतो, रेषा एकही नाही आणि एररही नाही. प्रक्षेपण शिकवायला मात्र याहून चांगली संधी नाही.

खरी अडचण सीमांची. नकाशाचा पाया नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-डेटाचा, आणि त्यातली जम्मू-काश्मीरची सीमा आपल्या अधिकृत नकाशाशी जुळत नाही. म्हणून 'बॉर्डर्स' हा थर काढून टाका आणि सर्व्हे ऑफ इंडियाची शेपफाइल (सीमांचे आकार साठवलेली फाइल) 'ॲड जॉमेट्रीज'ने घाला. प्रकल्प-अहवालात तरी यात तडजोड नको. किनारा '१०एम'चा (१ : १ कोटी प्रमाणाचा, बारीक तपशिलाचा) घ्या. '११०एम'मध्ये (१ : ११ कोटी) कोकणच्या खाड्या पार पुसल्या जातात. नकाशा थोडा सावकाश उमटतो, चालेल.

पहिल्यांदा वापरताना कार्टोपाय किनारा नेटवरून उतरवते. लॅबला नेट नसेल तर घरी एकदा चालवून तिचं डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि प्रत्येक मशीनवर टाका.