जॉब गॅरंटीवाला डेव्हऑप्स कोर्स : माझे पैसे नेमके कसे गेले

"कोडिंग येत नाही? चालेल. लिनक्स दोन तासांत शिकवतो. कोर्स संपायच्या आत ऑफर लेटर हातात." डेव्हऑप्सच्या, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून ते चालू ठेवण्याच्या कामाच्या, कोर्सची जाहिरात अशा भाषेत दिसली तर पैसे भरू नका. याच बोलण्यावर विश्वास ठेवून मी पूर्ण फी भरली आणि ती बुडाली. हाच धंदा करणारे बरेच आहेत आणि त्यांची नावं बदलत राहतात, म्हणून नावापेक्षा पद्धत सांगतो.

मी सपोर्टमध्ये होतो. सर्व्हर बंद पडला की तिकीट लिहून वरच्या टीमकडे पाठवायचं, एवढंच माझ्या हातात. ते दुरुस्तीचं काम आपल्याला यावं, ही इच्छा खरी होती. कोर्स विकणाऱ्याने यादी वाचून दाखवली : गिट, जेनकिन्स, डॉकर, कुबरनेटीस, टेराफॉर्म, अँसिबल, प्रोमिथियस, ग्राफाना. ही यादी खोटी नाही, नोकरीच्या जाहिरातींत हीच नावं असतात, आणि त्यामुळेच माणूस अडकतो. खोटं होतं ते असं, की एवढ्या टूल्सच्या कमांड पाठ झाल्या की झाला डेव्हऑप्स इंजिनिअर.

वर्ग 'लाइव्ह' असणार होते. शिकवणारा बोलत राहायचा, चॅटमधल्या प्रश्नांना मात्र दुसराच कुणीतरी उत्तर द्यायचा. कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर (वेगळे ठेवलेले प्रोग्राम) चालवणारं टूल. त्याच्या वर्गात दिलेली डिप्लॉयमेंटची यॅमल फाइल, म्हणजे काय चालवायचं ते सांगणारी फाइल, माझ्या क्लस्टरवर (मशीनच्या गटावर) चालेना. फाइलमध्ये एपीआय व्हर्जन होतं 'एक्स्टेन्शन्स व्ही१बीटा१'. ते डिप्लॉयमेंटसाठी कुबरनेटीस १.१६ पासून, म्हणजे २०१९ पासून बंद आहे. विचारल्यावर चॅटवाला म्हणाला, "जुनं व्हर्जन टाका, चालेल." पुढच्या वर्गात कुबरनेटीस कंटेनर चालवायला थेट डॉकर (कंटेनर बनवणारं आणि चालवणारं टूल) वापरतं असं शिकवलं. त्यासाठीचा डॉकरशिम हा भाग २०२२ मध्ये १.२४ मधून काढून टाकला आहे. आम्हाला कित्येक वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग 'लाइव्ह' म्हणून दाखवत होते.

लॅब म्हणजे त्यांनी दिलेल्या डॉक्युमेंटमधून कमांड कॉपी करून टर्मिनलवर चिकटवणं. सर्व्हर आधीच बसवून ठेवलेला, परवानग्या उघड्या, पाइपलाइन (कोड तपासून सर्व्हरवर चढवणारी आपोआप साखळी) पहिल्या फटक्यात हिरवी, म्हणजे यशस्वी. काही बिघडतच नव्हतं, त्यामुळे बिघाड शोधायची वेळच आली नाही. आणि ज्या 'रिअल टाइम प्रोजेक्ट'चा एवढा गाजावाजा होता, ती गिटहबवरची कुणाचीतरी सार्वजनिक सॅम्पल रेपॉझिटरी (कोडचा साठा) निघाली. गिट लॉग (बदलांची नोंद) उघडला तर सगळे कमिट, म्हणजे केलेले बदल, अनोळखी लोकांचे. तोच प्रोजेक्ट, त्याच चार ओळी, आमच्या बॅचमधल्या सगळ्यांच्या रेझ्युमेवर.

फसवणुकीची खोली कळली ती पहिल्या खऱ्या मुलाखतीत. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी एकाही टूलचं नाव विचारलं नाही. त्यांनी एका मशीनवर लॉगिन दिलं आणि म्हणाल्या, "डिस्क भरली आहे. डीएफ कमांड शंभर टक्के दाखवते, पण डीयूने मोजलं तर फाइल्स निम्म्याही भरत नाहीत. बाकीची जागा कुठे गेली?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. डीएफ डिस्कवरची वापरलेली जागा सांगते, डीयू दिसणाऱ्या फाइल्सचा आकार मोजते. उत्तर असं आहे : कुणीतरी मोठी लॉग फाइल आरएम कमांडने उडवली, पण ज्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती उघडली होती ती चालूच राहिली. नाव गेलं म्हणून डीयूला फाइल दिसत नाही. प्रोसेसने ती धरून ठेवली आहे, म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) जागा सोडत नाही. एलएसओएफ या उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या कमांडने अशी प्रोसेस सापडते, ती रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. मॅडमनी हे समजावून सांगितलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला : डिस्कवर जागा आहे, तरी नवी फाइल बनत नाही, का? तेव्हा आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी) संपलेले असू शकतात, ते डीएफ हायफन आयने दिसतं. आमच्या संपूर्ण कोर्समध्ये आयनोड हा शब्द एकदाही आला नव्हता.

या कामाला खरंच काय लागतं ते मला त्यानंतर उमगत गेलं. कंटेनर म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या नेमस्पेस (प्रोसेसला काय दिसतं ते ठरवणारं) आणि सीग्रुप (ती किती मेमरी वापरेल ते ठरवणारं) यांच्या आधाराने वेगळी ठेवलेली प्रोसेस. डॉकर २०१३ मध्ये आलं आणि त्याने ते वापरायला सोपं केलं. म्हणून पॉड (कुबरनेटीसमधला कंटेनरचा गट) १३७ कोडने मेला, तर आधी १२८ अधिक ९ आठवावं लागतं : ९ म्हणजे सिगकिल, प्रोसेस जबरदस्तीने मारणारा सिग्नल, बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे. सर्व्हिसपर्यंत रिक्वेस्ट पोचत नसेल तर डीएनएस, पोर्ट, फायरवॉल, टीएलएस सर्टिफिकेट असं एकेक तपासता आलं पाहिजे. बॅश आणि पायथन स्वतः लिहिता यावं. 'कोडिंग नको' ही त्या जाहिरातीतली सगळ्यात घातक थाप आहे. टेराफॉर्म (क्लाउडवरच्या गोष्टी कोडने उभ्या करणारं टूल) काय उभं केलंय त्याची नोंद ज्या स्टेट फाइलमध्ये ठेवतं, ती हरवली किंवा दोघांनी एकदम बदलली तर काय होतं, हे माहीत हवं. आणि रात्री काही कोसळलं तर डेव्हलपरवर न खेकसता त्याच्यासोबत बसून कारण शोधायचं आणि ते नीट लिहून ठेवायचं, हेही कौशल्यच आहे. मला तर तेच या कामाचं मर्म वाटतं.

मी तक्रार केली तेव्हा त्यांनी दोन वस्तू पुढे केल्या. पहिली, सीकेए या कुबरनेटीसच्या प्रमाणपत्र परीक्षेचे 'डम्प्स' : चार पर्यायांच्या प्रश्नांची पीडीएफ. सीकेएमध्ये पर्याय नसतातच. दोन तास टर्मिनलवर खऱ्या क्लस्टरमध्ये कामं करून दाखवायची असतात आणि कुबरनेटीसचं डॉक्युमेंटेशन उघडायची परवानगीही असते. म्हणजे ती पीडीएफ मुळातच बनावट. दुसरी वस्तू, तीन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र, आणि गरज पडल्यास मुलाखत द्यायला दुसरा माणूस. मी नकार दिला. त्यावर उत्तर आलं, "उमेदवार सहकार्य करत नाही, जॉब गॅरंटी रद्द." करारात ते कलम खरंच होतं. खोटं बोलायला तयार नसलेला प्रत्येकजण त्या कलमात अडकतो आणि संस्थेची जबाबदारी संपते.

फीचे 'सोपे हप्ते' म्हणजे प्रत्यक्षात माझ्या नावावरचं कर्ज होतं. संस्थेला सगळी रक्कम एकदम मिळाली, वर्ग बंद पडले तरी हप्ते चालू. सही करण्याआधी पैसे नक्की कुणाला देणं लागतो, ते कागदावर वाचा.

क्लाउडचं, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचं, बिल वेगळंच. आम्हाला स्वतःचं कार्ड लावून खातं उघडायला लावलं, ॲडमिन अधिकारांची ॲक्सेस की (खात्यात शिरायची गुप्त किल्ली) स्क्रिप्टमध्ये लिहायला लावली आणि तीच स्क्रिप्ट गिटहबवर चढवायला सांगितली. सार्वजनिक रेपॉझिटरीतल्या अशा किल्ल्या शोधत बॉट फिरत असतात. शिवाय मॅनेज्ड कुबरनेटीस क्लस्टर, नॅट गेटवे, लोड बॅलन्सर यांचे पैसे तुम्ही वापरा न वापरा, तासावर चढत राहतात. हे सगळं पाडून टाकणारी टेराफॉर्म डिस्ट्रॉय ही कमांड कुणी शिकवलीच नाही.

कोर्स घ्यायचाच असेल तर एक करा. शिकवणाऱ्याला तुमच्यासमोर चालती पाइपलाइन मुद्दाम बिघडवायला सांगा आणि तो ती कशी शोधून दुरुस्त करतो ते पाहा. जो टाळाटाळ करेल त्याला पैसे देऊ नका. सराव तर फुकट होतो : स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स, त्यावर मिनिक्यूब (एकाच मशीनवर चालणारं छोटं कुबरनेटीस), आणि अधिकृत डॉक्युमेंटेशन.

आणि तुम्ही आधीच अशा ठिकाणी अडकला असाल तर आजच त्या ॲक्सेस की रद्द करा. नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. सगळ्या रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या वेगवेगळ्या ठिकाणांत) जाऊन चालू असलेली रिसोर्सेस बंद करा आणि बजेट अलर्ट लावा. संस्थेशी यापुढे फक्त ईमेलवर बोला, फोनवरचं आश्वासन नंतर सिद्ध करता येत नाही. कर्ज देणाऱ्यालाही शिकवणी बंद पडल्याचं लेखी कळवा. रेझ्युमेवर त्यांनी घातलेला खोटा अनुभव असेल तर तो आजच काढा.